महिला उमेदवार म्हटलं की कपडे आणि मुलंच का?

प्रश्न:
बाई निवडणुकीला उभी राहिली की बातमीत आधी कपडे, केस, आवाज आणि घर कोण सांभाळणार हेच का येतं? पुरुषाला विचारतात का कधी, मुलांकडे कोण बघतं? खरंच चीड येते.

प्रतिसाद १:
अगदी. जसिंडा आर्डर्न २०१७ला न्यूझीलंडच्या लेबर पक्षाच्या नेत्या झाल्या आणि काही तासांत टीव्हीवर मुलाबाळांचा प्रश्न, दुसऱ्या दिवशी परत तेच, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे सुनावलं की नोकरी देताना बाईला हे विचारणंच चालणार नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन भेटल्या, विषय ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडणं, आणि डेली मेल या ब्रिटिश वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर काय तर कोणाचे पाय चांगले! दोघी सरकार चालवत होत्या हो.

प्रतिसाद २:
पण ट्रम्पच्या केसांवरही बोलतातच की लोक.

प्रतिसाद ३:
बोलतात, पण त्यावरून त्यांची लायकी ठरवत नाहीत. बाई ठाम बोलली की कर्कश, मवाळ बोलली की कच्ची. २००८ला अमेरिकेत हिलरी क्लिंटनच्या प्रचारसभेत 'माझा शर्ट इस्त्री कर' असं काही जण ओरडले होते. आणि बातमीतली सगळी जागा दिसण्यावर गेली की कर, शाळा, दवाखाने यावर ती काय म्हणते ते मतदारापर्यंत पोचतच नाही, खरं नुकसान तिथे होतं.

प्रश्नकर्ती:
मग वाचकांनी काय करायचं?

प्रतिसाद १:
संपादकाला लिहा. हीच ओळ पुरुष उमेदवाराबद्दल छापली असती का, एवढंच विचारा.