फक्त सी ड्राइव्ह कॉपी करून भागत नाही

नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला भाग, जशीच्या तशी कॉपी केलीत, तरी कॉम्प्युटर चालू करताना 'बूट डिव्हाइस सापडत नाही' येतंय, कारण जुन्या डिस्कवरचं साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्सचा वेगळा भाग) मागेच राहिलं. यूईएफआय, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच मदरबोर्डवर चालणारा प्रोग्राम, आधी तेच शोधतं. ते फॅट३२ या फॉरमॅटमध्ये असतं. सी एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये असल्याने बहुतेक मदरबोर्डांना ती थेट वाचताच येत नाही.

एसएसडी जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) आहे ना, ते बघा. जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर गोंधळ ठरलेला. विंडोज इन्स्टॉल करायच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा. डिस्कपार्ट या डिस्कचे भाग करायच्या प्रोग्राममध्ये सी थोडी श्रिंक (लहान) करून मोकळ्या जागेत ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट३२ फॉरमॅट करा, झेड अक्षर द्या. मग डिस्कपार्टमधून बाहेर येऊन, बूट फाइल्स नव्या पार्टिशनमध्ये टाकणारी ही कमांड द्या:

bcdboot C:\Windows /s Z: /f UEFI

पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. तुमची सी तिथे डी दिसू शकते. डिस्कपार्टच्या 'लिस्ट व्हॉल्यूम' (list volume) कमांडमध्ये साइझ बघूनच वरच्या कमांडमध्ये अक्षर टाका.