पहिल्या क्षेत्रकार्यात वंशावळी कशा घ्यायच्या?

जिज्ञासू:
मानवशास्त्राचं पहिलं वर्ष आहे. सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक या चार शाखा पाठ झाल्या. आता एका वाडीत पाच घरांच्या वंशावळी घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करू? आणि हे काम फक्त सामाजिक शाखेचंच का?

ओसरी:
ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या १८९८च्या मोहिमेत बसवलेली पद्धत आजही चालते. आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढे पाचच शब्द वापरायचे, हा तिचा गाभा. ‘भाऊ किती?’ असं विचारलंत की सख्खे, चुलत, मावस, मामे सगळे एका रांगेत येऊन बसतात. त्याऐवजी ‘तुमच्या आईच्या पोटची कोण कोण?’ असं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत विचारा. मग एकेकाचं लग्न कुणाशी झालं, ती व्यक्ती कुठल्या गावची, त्यांची मुलं कोणती. एक फांदी पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

ए-थ्री कागद आडवा धरा आणि पेन्सिलच वापरा, खाडाखोड होतेच. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्यावर तिरपी रेघ. नाती ज्याच्यापासून मोजायची तो ‘अहं’, त्याचं चिन्ह भरून काळं करा. आकृतीत फक्त क्रमांक घाला, नावं वेगळ्या वहीत ठेवा.

नातेशब्द दुसऱ्या फेरीत. एकेका चिन्हावर बोट ठेवून ‘यांना तुम्ही काय म्हणता?’ असं विचारा. हाक मारायचा शब्द आणि माघारी उल्लेख करायचा शब्द वेगळे नोंदवा.

पायवाट:
वर लिहिलेलं बरोबर आहे, पण वंशावळ फसते ती गळालेल्या माणसांमुळे. ‘पोरं किती?’ या प्रश्नाला बरेचदा फक्त मुलग्यांचा आकडा मिळतो, सासरी गेलेल्या लेकी राहून जातात. तान्हेपणी गेलेली मुलं तर कुणी सांगतच नाही. घरातल्या जाणत्या बाईला ‘बाळंतपणं किती झाली?’ असं विचारा, तेही एकांतात आणि हळुवारपणे. पाटाची (पुनर्विवाहाची) बायको आणि लग्नाची बायको हा भेदही चारचौघांत काढू नका.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. लग्नात नाव बदललेली बाई माहेरच्या वंशावळीत एका नावाने येते, सासरच्या वंशावळीत दुसऱ्या, आणि एकच बाई कागदावर दोन वेगळ्या बायका होऊन बसते. दोन्ही नावं आणि माहेरचं गाव नोंदवा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आग्रह न करता दुसऱ्या कुणाकडून घ्या. वय माहीत नसेल तर ‘७२च्या दुष्काळात केवढे होतात?’ किंवा ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?’ असं विचारा. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. प्रत्येक वंशावळ किमान दोन माणसांकडून स्वतंत्रपणे पडताळा. आधी संमती, मगच पेन्सिल.

खापर:
शाखांबद्दल सांगतो. सुनेने सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणं ही भाषिक नोंद झाली. मामाच्या मुलीशी लग्न झालं तर नवरीची सासू तिची खरोखरच आत्या असते, म्हणजे शब्दामागे विवाहाची चाल दिसते. पण नुसत्या शब्दावरून तसं लग्न झालंच असं लिहू नका, ते आकृतीत दिसलं पाहिजे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३च्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात नातेपद्धतींनुसार देशाचे विभाग पाडून महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला आहे, तो भाग आधी वाचा.

सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजाराचा मागही वंशावळीतूनच काढतात, मात्र तिथे पुरुषाला चौकोन असतो. दोन्ही पद्धती एका कागदावर मिसळू नका. पुरातत्त्वाला सांगणारं माणूस मिळत नाही. घोड नदीकाठच्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. ती त्याच घरातली होती का, हे निव्वळ जागेवरून ठरत नाही.

जिज्ञासू:
एका घराला किती वेळ धरू?

ओसरी:
तीन पिढ्यांसाठी दोन बैठका, प्रत्येकी दीड तासापेक्षा जास्त नको. सांगणारा थकला की पिढ्या गाळतो. आकृती त्याच रात्री स्वच्छ काढा आणि सकाळी त्यांनाच दाखवा. ‘अहो, ही धाकटी राहिली की!’ हे बहुतेकदा तेव्हाच कळतं.