‘गेनेराल्नी दिरेक्तर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रशियन माध्यमप्रमुख इगर मालाशेन्को (१९५४–२०१९) यांच्यावर टिपण लिहिते आहे. दोन जागी अडलंय. एनटीव्ही वाहिनीतल्या त्यांच्या ‘गेनेराल्नी दिरेक्तर’ या पदाला ‘महासंचालक’ लिहू का? आणि ‘कान्दिदात फिलोसोफ्स्किख नाउक’ या पदवीचं ‘तत्त्वज्ञानाचे उमेदवार’ कानाला खटकतं.

उत्तर : ताई, ‘महासंचालक’ अजिबात नको. पोलीस महासंचालक, दूरदर्शनचे महासंचालक... मराठी वाचकाला तो शब्द वाचला की सरकारी नेमणूकच आठवणार. मालाशेन्को तर ओस्तान्किनो ही सरकारी दूरचित्रवाणी कंपनी सोडून बाहेर पडले आणि १९९३ मध्ये उद्योगपती गुसिन्स्की यांचं भांडवल व किसेल्योव, दोब्रोदेयेव या पत्रकारांची साथ घेऊन त्यांनी खासगी एनटीव्ही उभी केली. त्यांच्या कारकिर्दीचं मर्मच त्या शब्दाने पुसलं जाईल.

रशियात गेनेराल्नी दिरेक्तर म्हणजे कंपनीचा कारभार चालवणारा, तिच्या वतीने सही करणारा माणूस. संचालक मंडळाचा अध्यक्ष वेगळा; भागभांडवली कंपनीत ही दोन्ही पदं एकाकडे ठेवायला कायद्याची मनाई आहे. हा फरक एनटीव्हीच्याच इतिहासात दिसतो. ३ एप्रिल २००१ रोजी सरकारच्या नियंत्रणाखालच्या गाझप्रोम या वायू कंपनीच्या बाजूने झालेल्या भागधारकांच्या सभेनंतर आल्फ्रेद कोख मंडळाचे अध्यक्ष झाले, तर किसेल्योव यांच्या जागी बोरिस जॉर्डन गेनेराल्नी दिरेक्तर झाले. दोघांनाही ‘संचालक’ म्हटलं तर वाहिनी कुणाच्या हातात गेली हेच कळणार नाही. म्हणून ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ लिहा. लांब आहे, पण चोख आहे.

आता पदवी. ‘उमेदवार’ म्हटलं की परीक्षा अजून व्हायचीय असं वाटतं. प्रत्यक्षात प्रबंध सादर करून, त्याचं समर्थन करून मिळवलेली ही पदवी साधारण आपल्या पीएच.डी.च्या तोलाची. मालाशेन्को मॉस्को विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले, प्रबंध लिहिला तो इटालियन कवी दान्तेच्या विचारांवर. पुढे विज्ञान अकादमीच्या अमेरिका व कॅनडा अभ्यास संस्थेत संशोधक होते. (तिथल्या पदाचं ‘वैज्ञानिक सहकारी’ असं भाषांतर कुठे दिसलं तर तेही टाळा.) ‘तत्त्वज्ञानात पीएच.डी.’ सरळ लिहा. ‘दोक्तर नाउक’ मात्र त्याच्या वरची पायरी. यासेन झासुर्स्की, जे १९६५ ते २००७ मॉस्को विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्याशाखेचे अधिष्ठाता होते, ते दोक्तर. दोघांनाही ‘डॉक्टर’ लिहून मोकळं होऊ नका.

प्रश्न : आणि ‘माध्यमसम्राट’? एका लेखात तसं वाचलं.

उत्तर : तो शब्द गुसिन्स्कींसाठी. मालक ते होते. मालाशेन्को वाहिनी चालवत होते, आणि १९९६ चं वर्ष लिहिताना हे तुम्हाला स्पष्ट करावंच लागेल. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते राष्ट्राध्यक्ष येल्तसिन यांच्या प्रचारयंत्रणेत काम करत होते आणि त्याच वेळी एनटीव्हीच्या प्रमुखपदीही होते. तिथे ‘प्रचार सल्लागार’ एवढंच लिहिलं तर अर्धी गोष्ट दडवल्यासारखं होतं. बातम्या देणाऱ्या वाहिनीचा प्रमुख एका उमेदवारासाठी राबत होता; त्यावर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. म्हणून वाक्य असं करा : ‘एनटीव्हीचे प्रमुखपद न सोडता ते येल्तसिन यांच्या प्रचारात सामील झाले.’ ‘न सोडता’ हे शब्द गाळू नका.