आजोबांचे राणीछाप रुपये : लिलावगृह की सराफाचा काटा?

गिरगावकर : आजोबांच्या पितळी डब्यात एकोणतीस चांदीचे रुपये आणि मूठभर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, निघाल्या. बहुतेक रुपये राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले, १८६२ सालचे आहेत. एकावर मात्र १९३९ साल दिसते. थोरले बंधू झवेरी बाजारात मोडावेत म्हणतात, मला लिलावगृह बरे वाटते. आपले मत काय?

चेंबूरचा संग्राहक : मोडू नका. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी सुमारे ९१.७ टक्के असते, तेव्हा चांदीचा भाव हा केवळ तळ झाला. सराफ वजन करील, साल वाचणार नाही. १९३९ चा रुपया अस्सल असेल तर तो अतिशय दुर्मिळ आहे. मात्र १९३८ च्या आठाचा नऊ करून फसवणारेही पुष्कळ असल्याने तो आधी जाणकाराला भिंगाखाली दाखवा. अशा नाण्याची खरी किंमत दोन हट्टी संग्राहक समोरासमोर बोली लावतात तेव्हाच कळते.

फोर्टची वाचक : हे एका नाण्यापुरते मान्य, उरलेल्या अठ्ठावीसांचे काय? १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच छापले जात होते, त्यामुळे ते रुपये मुबलक आहेत. शिवराया नाण्यांचेही तेच; ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे वाचून अंगावर काटा येतो खरा, पण शिवाजी महाराजांनंतरही त्या दीर्घकाळ पाडल्या गेल्या. शिवाय बोली लावणारा लिलावगृहाला वर द्यावा लागणारा अधिभार मनात धरूनच हात वर करतो. समजा बोली १०,००० वर थांबली, लिलावगृहाने खरेदीदाराकडून वीस टक्के आणि तुमच्याकडून दहा टक्के घेतले, तर त्याचे १२,००० जातात आणि तुम्हाला ९,००० मिळतात. माझ्या आईची अकरा नाणी एका लिलावगृहाने एकाच गठ्ठ्यात घातली. एकच बोली आली आणि पैसे चार महिन्यांनी मिळाले.

चेंबूरचा संग्राहक : तो दोष करारपत्र न वाचण्याचा आहे. राखीव किंमत (जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती), गठ्ठा न करण्याची अट आणि पैसे देण्याची मुदत लेखी घ्यावी.

फोर्टची वाचक : अकरा साध्या नाण्यांसाठी अशा अटी कोण मान्य करतो? आणि ‘परदेशी ग्राहक येतील’ ही जाहिरातही तपासावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणजे राणीछाप आणि शिवरायांची बोली देशातच संपते. फक्त १९३९ चा रुपया त्यातून सुटतो.

चेंबूरचा संग्राहक : हा मुद्दा बिनतोड आहे. तर मग १९३९ चा लिलावात द्यावा, बाकीचे एखाद्या नाणेप्रदर्शनात दोन-तीन विक्रेत्यांना दाखवून द्यावेत.

गिरगावकर : एक सांगायचे राहिले. बंधूंनी काल शिवराया चिंचेने घासून लख्ख केल्या.

चेंबूरचा संग्राहक : अरेरे! मग त्या घरीच ठेवा. तांब्यावरची जुनी झाक गेली की संग्राहक पाठ फिरवतो. रुपयांना रांगोळी लागली नाही ना, तेवढे आधी सांगा.