जुने धातूच्या अंगाचे १३ मिमी ड्रिल: दुरुस्त करून वापरावे का?

राजारामपुरी_लाकूडकाम:

नमस्कार. माझ्या मामांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आपले छोटे वर्कशॉप या वर्षी बंद केले. बाकीची यंत्रे विकली, पण विजेवरचे एक जुने ड्रिल मात्र त्यांनी माझ्या हाती दिले. मी घरी लाकडाच्या मांडण्या आणि त्यांना लागणाऱ्या लोखंडी चौकटी तयार करते, त्यामुळे हे ड्रिल शोभेला न ठेवता रोजच्या कामात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याचे अंग पूर्णपणे ॲल्युमिनियमचे, ओतीव आहे. चक (बिट पकडणारे तोंड) १३ मिमीचे आहे, बाजूला आडवी मूठ आहे, आणि पाटीवरची अक्षरे घासली गेली असली तरी ‘५५० आरपीएम’ (मिनिटाला ५५० फेरे) एवढे स्पष्ट वाचता येते. वेग कमी-जास्त करण्याची, उलटे फिरवण्याची किंवा हॅमरची सोय त्यात नाही.

क्षणभर चालू करून पाहिले तेव्हा ते ताबडतोब फिरले. मात्र मागच्या जाळीतून बऱ्यापैकी ठिणग्या दिसल्या आणि जळक्या ग्रीससारखा वास आला. मुठीपाशी केबलच्या रबराला भेगा पडल्या आहेत. टॉप तीन पिनांचा आहे, पण उघडून पाहिला तर आत दोनच तारा जोडलेल्या होत्या आणि अर्थिंगची मोठी पिन रिकामी होती. एका दुकानदाराने सांगितले की हे भंगारात द्या आणि बॅटरीवरचे नवीन घ्या. मला तो सल्ला पटत नाही, पण केवळ जिव्हाळ्यापोटी धोकादायक वस्तू जवळ बाळगण्याचीही इच्छा नाही. यातले काय मी स्वतः करावे आणि काय कारागिराकडे सोपवावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

कसबा_बावडा_वायरमन:

ताई, कार्बन, ग्रीस आणि चक हे सगळे नंतर पाहता येईल, आधी त्या रिकाम्या पिनेचा विचार करू. अशा जुन्या धातूच्या अंगाच्या ड्रिलमध्ये वायंडिंग (मोटरीतले तांब्याच्या तारेचे वेढे) आणि आपला हात यांच्यामध्ये सहसा इन्सुलेशनचा एकच थर असतो. तो थर कुठे जळला, घासला गेला किंवा ओलाव्याने निकामी झाला, तर वीज थेट ड्रिलच्या अंगावर येते, आणि अशा वेळी ती जमिनीत वळवून फ्यूज किंवा एमसीबी पाडण्याचे काम अर्थिंगची तारच करते. आजची प्लास्टिकच्या अंगाची ड्रिल दुहेरी इन्सुलेशनची असतात. त्यांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि म्हणूनच त्यांना दोन पिनांचा टॉप चालतो. आपल्या ड्रिलला ती सवलत नाही. केबल बदलेपर्यंत ते पुन्हा चालू करू नका.

केबल तीन तारांची, तांब्याची, लवचीक आणि शक्यतो रबरी वेष्टनाची घ्यावी. एक चौरस मिमीची तार या ड्रिलला पुरून उरते. मुठीत केबल शिरते तिथली पकड घट्ट बसली पाहिजे, म्हणजे ओढ बसली तरी ताण आतल्या जोडांवर येणार नाही. आतमध्ये अर्थिंगची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, कारण केबल कधी उपसली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटली पाहिजे. तिचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) ज्या स्क्रूखाली बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करावा. रंगावर बसवलेला लग दिसायला जोडलेला दिसतो, पण त्याचा उपयोग शून्य असतो. नंतर मल्टिमीटरने टॉपची मोठी पिन आणि ड्रिलचे अंग यांच्यातील रोध मोजावा. तो एका ओहमच्या बराच खाली आला पाहिजे.

त्यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. मेगर घरी नसतो, पण कोणत्याही चांगल्या रिवाइंडरकडे, म्हणजे मोटरीचे वायंडिंग नव्याने करणाऱ्या कारागिराकडे, असतो. टॉपच्या दोन्ही लहान पिना एकत्र जोडायच्या, खटका दाबून धरायचा आणि त्या पिना व अंग यांच्यामध्ये मोजायचे. खटका दाबायला विसरले तर वायंडिंग तपासायचे राहून जाऊ शकते. दोन मेगाओहमच्या खाली काटा आला तर ड्रिल वापरू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात अनेक महिने बंद पडलेल्या यंत्राचे आकडे केवळ दमटपणामुळेही खाली येतात, म्हणून लगेच निराश होण्याचे कारण नाही. अंग उघडून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावे, किंवा खोक्यात साध्या पिवळ्या बल्बच्या उबेत ठेवावे, आणि पुन्हा मोजावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्यात गेलेली कितीतरी हत्यारे अशी वाळवून, तपासून पुन्हा कामाला लागली आहेत. मात्र न वाळवता चालू केलेली जळून गेली.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहावे. ड्रिल संथ फिरले आणि बल्ब मंद राहिला तर ठीक, पण बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला आणि ड्रिल हललेच नाही तर आत शॉर्ट असल्याची शंका घ्यावी. शेवटची गोष्ट ड्रिलची नसून घराची आहे. सॉकेटला खरोखरच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ते बसवून घ्या.

उद्यमनगर_आर्मेचर:

वरील प्रतिसादाशी मी शब्दशः सहमत आहे. आता ठिणग्यांविषयी लिहितो, कारण ड्रिल ठेवायचे की नाही याचा निर्णय त्यांवरच अवलंबून आहे.

या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या कॉम्युटेटरवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कड्यावर) घासत असतात, त्यामुळे कार्बनच्या कडेला बारीक निळसर ठिणगी दिसणे हे स्वाभाविक आहे. ठिणग्या पिवळट, मोठ्या आणि तडतडणाऱ्या असतील तर बहुधा कार्बन संपले आहेत, स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा कॉम्युटेटरवर मळ बसला आहे, आणि हे सगळे थोडक्या खर्चात सुटते. परंतु कॉम्युटेटरभोवती आगीचे पूर्ण कडे फिरताना दिसत असेल तर आर्मेचरची (मोटरीच्या फिरत्या गाभ्याची) एखादी कॉइल तुटली किंवा शॉर्ट झाली आहे असे समजावे आणि ड्रिल तत्काळ बंद करावे.

बहुतेक जुन्या ड्रिलमध्ये कार्बन काढण्यासाठी अंग उघडावे लागत नाही. दोन्ही बाजूंना आट्यांची टोपणे असतात, ती रुंद स्क्रूड्रायव्हरने फिरवली की स्प्रिंगसह कार्बन बाहेर येतो. बाहेर काढण्यापूर्वी कोणता तुकडा कोणत्या बाजूचा आणि कोणत्या तोंडाने बसला होता याची पेन्सिलने खूण करावी, कारण त्याचे टोक कॉम्युटेटरच्या गोलाईला बेतून घासलेले असते आणि उलटे बसवले तर केवळ कोपऱ्यावर टेकते. मूळ लांबीच्या एक तृतीयांश किंवा त्याहून कमी उरला असेल तर बदलावा, आणि एकच झिजलेला असला तरी जोडीनेच बदलावेत. मूळ कंपनी बंद झाली असली तरी अडत नाही. जुना तुकडा सोबत घेऊन दुकानात जावे आणि रुंदी व जाडी व्हर्निअरने मोजून घ्यावी. नेमके माप नसेल तर किंचित मोठा घेऊन सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतो. खोबणीत तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. बसवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे बिट न लावता मोकळे चालवावे, म्हणजे टोकाला गोलाई येते आणि ठिणग्या हळूहळू निवतात.

टोपण काढलेले असताना बॅटरीच्या उजेडात आत पाहा आणि चक हाताने सावकाश फिरवा. निरोगी कॉम्युटेटरवर एकसारखी चॉकलेटी तपकिरी झाक असते. ती मळ समजून घासून टाकू नये, कारण त्याच थरामुळे कार्बन कमी झिजतो. काळे डाग आणि ओरखडे असतील तरच झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. एमरी पेपर मात्र वापरू नये, कारण त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि पुढे कार्बन खात राहतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांपेक्षा वर आला असेल तर आर्मेचर लेथवर धरून किंचित टर्निंग करावे लागते आणि अभ्रक सुमारे अर्धा मिमी खोल कोरावा लागतो. हे काम घरी करू नये. एक-दोनच पट्ट्या जळून काळ्या पडल्या असतील तर मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध मोजत पूर्ण फेरी करावी. सगळीकडे जवळपास सारखाच आकडा आला पाहिजे. जिथे तो उडी मारतो, तिथली कॉइल गेलेली असते.

समजा, कॉइल गेलीच असेल, तरीही आपल्या गावात निराश होण्याचे कारण नाही. शेतीपंपांच्या आणि फाउंड्रीतल्या मोटरी सतत येत असल्यामुळे उद्यमनगरात आणि आसपास रिवाइंडिंगचे हात चांगले तयार झालेले आहेत. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या जुन्या वायंडिंगवरून मोजून घेणारा, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणारा आणि शेवटी बॅलन्सिंग पाहणारा कारागीर निवडावा. जो जुने वायंडिंग न मोजता सरळ कापून फेकतो त्याच्याकडे काम देऊ नये. पूर्वीच्या टर्निंगमुळे कॉम्युटेटरचे तांबे अगदी पातळ झालेले असेल, तरच मी ड्रिलचा नाद सोडायला सांगेन.

जाता जाता एक सांगतो. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट ब्लॅक अँड डेकर यांना १९१७ मध्ये मिळाले, आणि त्यानंतर तारेच्या ड्रिलची मांडणी मुळापासून बदललेली नाही. त्यामुळे कार्बन, बेअरिंग, खटका आणि चक हे सारे भाग आजही जुळवता येतात.

शिरोली_टूलरूम:

वास ग्रीसचाच असावा असे मलाही वाटते. वर्षानुवर्षे तेच ग्रीस गिअर बॉक्समध्ये राहिले की त्यातले तेल निघून जाते, साबणासारखा कडक गोळा कडेला चिकटून बसतो आणि दात कोरडे चालतात. पुढचे झाकण उघडून सगळे जुने ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुवावे, मात्र धुताना आर्मेचरच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नये. नवे लिथियम ग्रीस दातांना नीट चोपडून गिअर बॉक्स साधारण अर्धा भरेल एवढेच घालावे, कारण ठासून भरले तर ते तापून सीलमधून मोटरीत उतरते. त्याच वेळी बेअरिंग बोटावर फिरवून पाहावे. खरखर लागली तर बाहेरच्या कड्यावरचा नंबर वाचून तेच आणावे, आणि मिळाल्यास रबरी सीलचे घ्यावे, म्हणजे धूळ आत जात नाही.

चक काढण्याविषयी इंटरनेटवर जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा उलट-सुलट फिरणाऱ्या ड्रिलचे असते. त्यांच्या चकच्या पोटात डाव्या आट्यांचा स्क्रू असतो. आपले ड्रिल एकाच दिशेने फिरते, त्यामुळे तो स्क्रू असण्याची शक्यता कमी आहे. जबडे पूर्ण उघडून आत पाहावे, आणि स्क्रू नसेल तर चकमध्ये मोठी ॲलन की पकडून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तिच्यावर लाकडी हातोड्याचा एक झटका द्यावा. तरीही सुटले नाही तर जबरदस्ती न करता ते आट्यांवर आहे की टेपरवर (निमुळत्या दांड्यावर घट्ट बसवलेले) हे आधी तपासावे. माझ्या मते चक नुसते जड फिरत असेल तर काढण्याचीही गरज नाही. ड्रिलचे तोंड खाली धरून जबड्यांत रॉकेल सोडावे, ब्रशने भुकटी काढावी, वाळू द्यावे आणि पातळ तेलाचे दोन थेंब घालावेत.

आता वापर. ५५० आरपीएम हा वेग लोखंडाला फार अनुकूल आहे. साध्या पोलादात एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटसाठी कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरला तर १३ मिमीच्या बिटला सहाशेच्या आसपास फेरे हवेत, म्हणजे आपले ड्रिल जवळजवळ नेमके त्याच जागी आहे. तीन-चार मिमीच्या बिटला मात्र हा वेग अपुरा पडतो, आणि बारीक बिट जड ड्रिलच्या वजनाने मोडतात. लहान भोकांसाठी आणि भिंतीच्या कामासाठी दुसरे हलके हत्यार असलेले बरे. त्या अर्थाने बॅटरीचे ड्रिल घ्यायला माझी हरकत नाही, पण याच्या बदल्यात नव्हे.

आडवी मूठ कधीही काढून ठेवू नका. या ड्रिलला क्लच नाही, आणि पत्र्यातून बिट आरपार जाताना अडकले तर मोटर थांबत नाही, उलट सगळा पिळा मनगटावर येतो. काम शिकंज्यात पक्के धरावे, आधी सहा मिमीचे भोक पाडून मग मोठे करावे, आणि हातमोजे घालू नयेत, कारण फिरत्या बिटमध्ये ते गुंतले तर बोटेही आत ओढली जातात. दाब देताना आवाज ऐकत राहावे. आवाज खाली बसू लागला की वेग पडला, विद्युतप्रवाह वाढला आणि मागचा पंखाही मंदावला, म्हणजे मोटर जास्त तापते आहे आणि वारा कमी मिळतो आहे. अशा वेळी थांबवून बाजूला ठेवण्यापेक्षा अर्धा मिनिट मोकळे फिरवावे, म्हणजे पंखा आतली धग बाहेर टाकतो.

राजारामपुरी_लाकूडकाम:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नवी केबल टाकून घेतली. रिवाइंडरकडे मेगरवर अठरा मेगाओहम दाखवले आणि कॉम्युटेटरच्या सगळ्या पट्ट्यांचे आकडे सारखे आले. कार्बन मात्र जेमतेम पाच मिमी उरले होते आणि एका स्प्रिंगचा रंग निळा पडला होता. नवे कार्बन बसवल्यावर ठिणग्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. ग्रीस बदलायचे काम या रविवारी करणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. निळी पडलेली स्प्रिंग तशीच चालेल का? आणि माझी कामाची खोली तळमजल्यावर असून पावसाळ्यात तिथे भिंतींना ओल येते, तर ड्रिल कसे ठेवावे?

उद्यमनगर_आर्मेचर:

स्प्रिंग बदलाच, आणि दोन्ही बदला. निळा रंग म्हणजे ती तापून तिचा ताण गेलेला आहे. ताण कमी झाला की कार्बन उसळतो, ठिणग्या वाढतात आणि तीच ठिणगी स्प्रिंगला आणखी तापवते. त्यातून शेवटी कॉम्युटेटर जळतो.

ठेवण्याबाबत म्हणाल तर, बंद प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, कारण आतला दमटपणा आतच कोंडतो. जमिनीपासून उंच फळीवर लाकडी पेटीत, कापडी पुरचुंडीतले सिलिका जेल घालून ठेवावे आणि ते अधूनमधून तव्यावर कोरडे भाजून पुन्हा वापरावे. चकच्या जबड्यांना तेलाचा हात द्यावा. केबल ड्रिलच्या अंगाभोवती आवळून गुंडाळू नये, तिचे सैल वेटोळे शेजारी ठेवावे, नाहीतर मुठीपाशी पुन्हा भेगा पडतील. जून ते सप्टेंबर या काळात काम नसले तरी दर पंधरवड्याला पाच मिनिटे मोकळे चालवावे, म्हणजे वायंडिंग उबदार होऊन ओल निघून जाते. गणपतीनंतर एकदा मेगर लावून आकडा वहीत लिहून ठेवा, आणि तो दरवर्षी खाली येताना दिसला तर ड्रिल माझ्यासारख्या कोणाकडेही वार्निशसाठी घेऊन या.