मदत हवी आहे : पेसाहला भात, आणि व्याही अश्केनाझी

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता इस्रायलमधल्या अश्दोदला. यंदा सेदेर, म्हणजे पेसाह या ज्यू सणाच्या पहिल्या रात्रीचं जेवण, आमच्याकडे आहे आणि लेकीच्या सासरची माणसं येणार आहेत. ते अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंपैकी, मूळ पोलंडचे. त्यांच्यात पेसाहचे आठवडाभर तांदूळ, डाळी, मका, वाटाणे यांतलं काहीच चालत नाही. आमच्याकडे आई सणाआधी तांदूळ तीनदा निवडायची, गव्हाचा दाणा राहू नये म्हणून (पेसाहला गव्हाचं फुगलेलं, आंबलेलं काही चालत नाही), आणि मग निवांत भात व्हायचा.

कोण बरोबर हा वाद मला घालायचा नाही. ज्यू धर्मशास्त्रकार योसेफ कारोंनी तांदळाला मुभा दिली, तर पोलंडमधल्या क्राकोचे धर्मशास्त्रकार मोशे इस्सर्लेस यांनी अश्केनाझींचा रिवाज न खाण्याचा असल्याचं नोंदवलं. दोघंही सोळाव्या शतकातले. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये अश्केनाझींनाही परवानगी दिली, पण आमचे व्याही ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथाचे, त्यांच्यापुढे तो दाखला काढण्यात अर्थ नाही.

खरी पंचाईत लेकीची. लग्नानंतर नवऱ्याचा रिवाज पाळायचा, म्हणून तिचाही भात सुटला. (तांदळावर वाढलेली पोर!)

तर विचारायचं असं : भात ज्या पातेल्यात शिजला, त्याच पातेल्यात नंतर केलेली मटणाची आमटी त्यांना चालते का? आमचे रब्बाय (धर्मगुरू) चालते म्हणतात, त्यांचे वेगळी भांडी घ्या म्हणतात. नारळाचं दूध चालतं, तेवढा दिलासा आहे. पण शेंगदाण्याचं तेल? ज्यांच्या घरी अशी मिश्र सोयरीक आहे, तुम्ही प्रत्यक्षात काय करता? की त्या रात्री भात नकोच?