इंजिन गार, तरी काटा लालवर
दादा, तापोळ्याच्या बोटीत चावी फिरवताच, इंजिन गार असतानाही, टेंपरेचरचा काटा थेट लालवर जातो म्हणालात. लगेच नवं मीटर घेऊ नका. इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढा आणि चावी ऑन करा. काटा खाली आला तर सेन्सर गेलाय. वरच राहिला तर वायर कुठेतरी इंजिनच्या धातूला टेकून अर्थिंग (शॉर्ट) होतेय, नाहीतर मग मीटरच. आमच्या बामणोलीच्या बोटीत क्लिपखाली वायरचं प्लास्टिक घासलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. तेवढा तुकडा बदलला, काटा जागेवर आला. मीटरची अर्थिंगची वायरही साफ करून घट्ट बसवा. आणि हे होईपर्यंत इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लक्ष ठेवा. ती थांबली की इंजिन लगेच बंद, शिवसागर जलाशयात मधोमध असलात तरी.